घरपट्टीतील सूट : हक्क कुणाचा, भार कुणावर?

आपल्याकडे आयकराची जेवढी चर्चा होते, तिच्या दशांशानेही घरपट्टीची होत नाही. केंद्रीय अंदाजपत्रकाच्या दिवशी आयकराच्या टप्प्यांकडे डोळे लावून बसणारा नोकरदार महानगरपालिकेचे देयक हाती पडताच तळाचा आकडा पाहतो, थोडी कुरकूर करतो आणि रक्कम भरून मोकळा होतो. त्या देयकाच्या मधल्या रकान्यांत काय लिहिले आहे, आपल्याला कोणती सूट मिळाली आणि कोणती मिळायला हवी असून मिळाली नाही, हे पाहण्याची तसदी सहसा कुणी घेत नाही. वास्तविक, आयकर ज्यांना कधीच भरावा लागत नाही अशा असंख्य कुटुंबांनाही घरपट्टी चुकत नाही. स्वतःचे घर असणारा ती उघडपणे भरतो, भाडेकरू ती भाड्यातून भरतो. म्हणूनच या करात सूट कुणाला द्यायची हा प्रश्न नगरपालिकेच्या करखात्यापुरता मर्यादित मानता येणार नाही. तो सामाजिक न्यायाचा प्रश्न आहे.

गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात घरपट्टीच्या सवलतींवरून बरेच काही घडले. मुंबईत लहान घरांची घरपट्टी पूर्णपणे माफ झाली. पुण्यात जवळजवळ पन्नास वर्षे चालत आलेली सवलत बंद झाली आणि पुनः सुरूही झाली. या दोन शहरांनी सूट देण्याचे दोन अगदी वेगळे निकष स्वीकारले आहेत. ते शेजारी शेजारी ठेवून पाहिले म्हणजे सूट या कल्पनेतील गुणदोष स्पष्ट होतात.

कर कशावर आणि सूट कशात?

प्रथम कराचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. राज्यातील अनेक महानगरपालिकांत घरपट्टी ‘करयोग्य मूल्या’वर आकारली जाते. घर भाड्याने दिले तर वर्षाकाठी वाजवी भाडे किती येईल याचा जो अंदाज केला जातो, ते वार्षिक भाडेमूल्य. त्यातून दुरुस्तीखर्चापोटी कायद्याने दहा टक्के वजा होतात व उरते ते करयोग्य मूल्य. मालक स्वतः त्या घरात राहत असला आणि त्याला भाड्याचा एक पैसाही मिळत नसला, तरी हे कल्पित भाडे हिशेबात धरले जाते. मुंबईने १ एप्रिल २०१० पासून ही पद्धत सोडून मालमत्तेच्या भांडवली मूल्यावर, म्हणजे स्थूलमानाने तिच्या बाजारमूल्यावर, कर आकारण्यास सुरुवात केली. ग्रामपंचायतींनीही २०१५ च्या नियमांनंतर भांडवली मूल्याचाच आधार घेतला आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. घरपट्टी हा एक कर नसून अनेक करांची मोळी आहे. मुंबईचे देयक पाहावे. सर्वसाधारण कर, जल कर, जललाभ कर, मलनिःसारण कर, मलनिःसारण लाभ कर, महानगरपालिका शिक्षण उपकर, राज्य शिक्षण उपकर, रोजगार हमी उपकर, वृक्ष उपकर आणि पथ कर अशी दहा नावे त्यात आढळतात. यांपैकी सर्वच कर प्रत्येक निवासी घराला लागू होतात असे नाही, आणि काही रकमा तर पालिका राज्य शासनाच्या वतीने गोळा करते. त्यामुळे ‘घरपट्टीत सूट’ असे शब्द कानी पडले की पहिला प्रश्न विचारला पाहिजे तो हा, की या मोळीतील कोणत्या काडीवर सूट? देवालये, मशिदी, चर्च आणि सार्वजनिक धर्मादाय कामासाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींना कर लागत नाही, असा सर्वसाधारण समज आहे. कायद्याने त्यांना मिळणारी सूट प्रत्यक्षात सर्वसाधारण करापुरतीच आहे. पाण्याचे आणि सांडपाण्याचे पैसे देवालाही चुकलेले नाहीत.

हा भेद किती महाग पडू शकतो याचा अनुभव मुंबईकरांनी घेतला आहे. २०१० मध्ये नवी पद्धत आली तेव्हा ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा कर पाच वर्षे वाढणार नाही, असे संरक्षण कायद्यात देण्यात आले. २०१९ च्या मार्चमध्ये या घरांना करमाफी झाल्याचे जाहीर झाले, परंतु ती माफी फक्त सर्वसाधारण कराची होती. उरलेले कर कायम राहिल्याने ‘माफी’नंतरही देयके येतच राहिली आणि आपल्याला फसविले गेल्याची भावना लोकांत निर्माण झाली. सर्व घटकांसह संपूर्ण माफी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. एकाच शब्दाचे तीन वेगवेगळे अर्थ बारा वर्षांत करदात्यांच्या वाट्याला आले.

मुंबईचा निकष : घराचे आकारमान

मुंबईची माफी ५०० चौरस फूट, म्हणजे ४६.४५ चौरस मीटर चटईक्षेत्रापर्यंतच्या निवासी घरांना आहे. हा निर्णय झाला तेव्हा १६ लाख १४ हजार कुटुंबांना त्याचा लाभ होईल, असे सांगण्यात आले. पालिकेचे ४१७ कोटी आणि राज्य शासनाचे ४५ कोटी, असे एकूण ४६२ कोटी रुपयांचे उत्पन्न त्यामुळे बुडणार होते. साधा भागाकार केला तर दर कुटुंबामागे सरासरी वार्षिक लाभ २,८६० रुपयांच्या घरात जातो, म्हणजे महिन्याला २४० रुपयांच्या आतबाहेर. गिरणगावातील चाळीत किंवा पुनर्वसनाच्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबाला ही रक्कम अगदीच नगण्य नाही.

आकारमानाच्या निकषाचा मोठा गुण म्हणजे त्याची सोपी अंमलबजावणी. घराचे क्षेत्रफळ पालिकेच्या दप्तरात आधीच नोंदलेले असते. उत्पन्नाचा दाखला नको, अर्ज नको, कुणाच्या सहीसाठी हेलपाटे नकोत. घरात मालक राहतो की भाडेकरू, हेही पाहावे लागत नाही. गरिबांसाठीच्या कित्येक योजना कागदपत्रांच्या जंजाळातच अडकून पडतात, हे लक्षात घेता हा गुण लहान मानू नये.

दोष आहे तो वेगळाच. चौरस फूट हे जागेचे माप आहे, ऐपतीचे नव्हे. मलबार हिलवरील ४८० चौरस फुटांची सदनिका आणि मानखुर्दची २२५ चौरस फुटांची खोली या निकषापुढे सारख्याच ठरतात. एवढेच नव्हे तर कर भांडवली मूल्यावर असल्यामुळे पूर्वी ज्याला जास्त कर होता, त्याला माफीचा लाभही जास्त होतो. उलट, दूरच्या उपनगरात म्हाताऱ्या आईवडिलांसह सहा माणसांचे कुटुंब सांभाळणाऱ्या शिक्षकाचे घर ५२० चौरस फुटांचे असले, तर वीस फुटांसाठी त्याला संपूर्ण कर भरावा लागतो. आयकरात उत्पन्न एका टप्प्याच्या वर गेले तर वरच्या रकमेवरच वाढीव दर लागतो. इथे पायऱ्या नाहीत, एकदम कडा आहे. पहिले ५०० चौरस फूट सर्वांनाच मोकळे ठेवून पुढील क्षेत्रावर कर आकारला असता तर हा कडा नाहीसा झाला असता. अर्थात त्यासाठी अधिक उत्पन्नावर पाणी सोडावे लागले असते, किंवा मोठ्या घरांवरील दर वाढविण्याचे धैर्य दाखवावे लागले असते.

पुण्याचा निकष : मालकाचा वास

पुण्याची रीत निराळी. पुणे महानगरपालिकेने १९७० साली ठराव करून, जो मालक स्वतःच्या घरात राहतो त्याला वार्षिक भाडेमूल्यात चाळीस टक्के सवलत दिली. शिवाय दुरुस्तीपोटी कायद्यातील दहा टक्क्यांऐवजी पंधरा टक्के वजावट देण्याची प्रथा पडली. यामागील तर्क समजण्यासारखा आहे. जे भाडे मिळतच नाही, त्यावर पुरता कर घेणे मालकाला जाचक वाटते, विशेषतः निवृत्तीनंतर. आयुष्यभराची पुंजी घालून बांधलेले घर पैसे देत नाही, फक्त खर्च मागते.

दीर्घकाळ ही सवलत निर्वेध चालली. पुढे लेखापरीक्षणात आक्षेप निघाले की या सवलतीला कायद्याचा आधार नाही, आणि २०१९ मध्ये राज्य शासनाने पालिकेचा ठराव विखंडित केला. त्या वर्षीच्या एप्रिलपासून नव्याने नोंदलेल्या घरांना सवलत मिळेनाशी झाली. पाहणीत स्वतः राहत नसल्याचे आढळले म्हणून काही जुन्या मालकांची सवलतही गेली आणि मागील फरकाची देयके हाती पडली. साहजिकच संताप उसळला. अखेरीस एप्रिल २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने सवलत पुनः लागू केली. वजावट मात्र दहा टक्क्यांवर आली आणि आधीच्या वर्षांतील पाच टक्क्यांच्या फरकाची वसुली सोडून देण्यात आली. ज्यांची सवलत खंडित झाली होती त्यांना ‘पीटी-३’ नावाचा अर्ज भरून स्वतः राहत असल्याचा पुरावा देण्यास सांगण्यात आले. सवलत कायद्याने परत आली, पण ती आपोआप परत आली नाही, हे येथे ध्यानात घ्यावे. ज्याने अर्ज केला त्याला ती मिळाली. ज्याने वर्तमानपत्रातील सूचना वाचली नाही तो पूर्ण कर भरत राहिला.

ॲडम स्मिथने १७७६ मध्ये करांची जी चार तत्त्वे सांगितली, त्यांत समतेच्या खालोखाल निश्चिततेला स्थान दिले आहे. किती भरायचे, केव्हा भरायचे आणि कसे, हे करदात्याला आधी स्पष्टपणे माहीत असले पाहिजे. पुण्याचे प्रकरण म्हणजे या तत्त्वाच्या उल्लंघनाचा धडाच आहे. ठरावावर उभी असलेली सवलत कितीही लोकप्रिय असली तरी तिच्याखाली कायद्याचा पाया नसेल, तर एका लेखापरीक्षकाच्या शेऱ्याने ती कोसळू शकते.

भाडेकरूचे काय?

न्यायाच्या कसोटीवरही पुण्याचा निकष तपासला पाहिजे. एक कल्पित उदाहरण घेऊ. समजा, एका सदनिकेचे वार्षिक भाडेमूल्य ३०,००० रुपये आहे आणि सर्व कर मिळून करयोग्य मूल्यावर रुपयामागे चाळीस पैसे दर आहे. मालक स्वतः राहत असेल तर चाळीस टक्के सवलतीनंतर १८,००० रुपये उरतात, दहा टक्के वजावटीनंतर १६,२०० रुपये, आणि कर होतो ६,४८० रुपये. त्याच इमारतीतील तेवढ्याच सदनिकेत भाडेकरू राहत असेल तर करयोग्य मूल्य २७,००० रुपये आणि कर १०,८०० रुपये. भिंत एक, नळ एक, रस्ता एक, आणि फरक ४,३२० रुपयांचा.

हा फरक भरतो कोण? देयक मालकाच्या नावे येते, परंतु घरांची टंचाई असलेल्या शहरात कराचा भार पुढे ढकलण्याची सोय मालकाला असते आणि बव्हंशी तो भाड्यात मिसळून जातो. म्हणजे प्रभात रस्त्यावरील बंगल्यात राहणाऱ्या मालकाला चाळीस टक्के सवलत मिळते आणि कोथरूडमध्ये एका खोलीत राहणाऱ्या चौघा विद्यार्थ्यांना, बदली होऊन आलेल्या कारकुनाला किंवा तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या अध्यापकाला ती मिळत नाही. ज्याच्याजवळ घर आहे त्याला सूट, ज्याच्याजवळ नाही त्याला पूर्ण भार! मुंबईची माफी निदान घराकडे पाहते, त्यात कोण राहतो हे विचारत नाही. पुण्याची सवलत राहणाऱ्याकडे पाहते, घर केवढे हे विचारत नाही. दोन्ही निकष एकत्र आणले, म्हणजे स्वतः राहणाऱ्या मालकाच्या सवलतीला आकारमानाची कमाल मर्यादा घातली आणि लहान घरांतील भाडेकरूंनाही तिचा लाभ दिला, तर दोन्ही शहरांत अधिक न्याय होईल.

न दिसणारी सूट

याखेरीज एक सूट अशी आहे की जी कोणत्याही देयकावर छापली जात नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठविली. मालक कायद्याने जेवढे प्रमाण भाडे घेऊ शकतो त्याहून अधिक करयोग्य मूल्य पालिकेला धरता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने देवान दौलतराय कपूर खटल्यात दिला. हा निर्णय १९८० च्या सुमाराचा आहे. कायद्याच्या दृष्टीने तो तर्कशुद्धच होता. परंतु त्याचा आर्थिक परिणाम असा झाला की शहराच्या मध्यभागातील जुन्या वास्तूंवरील कर फार मागच्या भाड्यांना बांधला गेला आणि शहराबाहेर नव्याने घर घेणाऱ्या तरुण कुटुंबावर आजच्या दराने आकारणी होऊ लागली. जेथे भाडेमूल्याची पद्धत आजही चालू आहे, तेथे जुन्या व नव्या इमारतींच्या करात आढळणारी तफावत बऱ्याच अंशी या इतिहासातून आली आहे. जाहीर झालेल्या सवलतीवर निदान वाद तरी होतो. न दिसणाऱ्या सवलतीवर तोही होत नाही.

व्यक्तिपरत्वे मिळणाऱ्या काही सवलतींची नोंद येथे केली पाहिजे. शौर्यपदकधारक आणि सैनिकांच्या विधवा यांच्यापुरती असलेली करमाफी राज्य शासनाने २०२० मध्ये सर्व माजी सैनिकांना लागू केली. काही महानगरपालिका स्त्रीच्या नावे असलेल्या घराला, अपंग मालकाला, सौरऊर्जा किंवा पर्जन्यजलसंधारणाची सोय करणाऱ्याला सर्वसाधारण करात सवलत देतात. मुदतीपूर्वी रक्कम भरणाऱ्यालाही बहुतेक ठिकाणी सूट असते. ग्रामपंचायतीत ती सप्टेंबरअखेरपर्यंत भरणाऱ्यास पाच टक्के मिळते. यांतील बऱ्याच सवलती अर्ज केल्याशिवाय मिळत नाहीत आणि दरवर्षी बदलू शकतात.

तूट कोण भरून काढणार?

सूट जाहीर होते तेव्हा टाळ्या पडतात, कारण तिचा खर्च कुठे दिसत नाही. शाळेला अनुदान द्यायचे तर अंदाजपत्रकात तरतूद करावी लागते, सभागृहात चर्चा होते. कर माफ केला तर तसे काहीच होत नाही. उत्पन्न आलेच नाही, एवढीच नोंद राहते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र माफ केलेला रुपया आणि खर्च केलेला रुपया यांत भेद नाही.

हा विचार आज अधिक निकडीचा आहे, कारण पालिकांचे उत्पन्नाचे इतर मार्ग आटले आहेत. एके काळी जकात हा महाराष्ट्रातील शहरांचा कणा होता. तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर २०१५ मध्ये बहुतांशी रद्द झाला आणि १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आल्यावर मुंबईची जकातही संपली. तिच्या बदल्यात राज्याकडून भरपाई मिळते खरी, पण स्वतःचे उत्पन्न आणि वरून येणारी भरपाई यांत स्वाभिमान आणि आश्रितपणा एवढे अंतर आहे. घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९२ मध्ये नगरपालिकांना स्वराज्याचा दर्जा दिला. त्यांच्या हाती स्वतःचा म्हणावा असा मोठा कर आज उरला आहे तो घरपट्टीचाच. पंधराव्या वित्त आयोगाने तर मालमत्ता कराचे किमान दर ठरविण्याची व वसुली वाढविण्याची अट शहरांच्या अनुदानाला जोडली. एका हाताने वसुली वाढविण्याचा आग्रह आणि दुसऱ्या हाताने माफी, अशी ही ओढाताण आहे. माफीची घोषणा बहुधा मुंबईत, मंत्रालयात होते. पथदिवे बंद पडल्याबद्दल नागरिक जाब विचारतात तो नगरसेवकाला.

थकबाकीदारांसाठी वेळोवेळी येणाऱ्या अभय योजनांचाही विचार याच ओघात केला पाहिजे. थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती लागते. ती पुढे माफ होणार याची खात्री असेल तर वेळेवर कर भरणारा शहाणा की मूर्ख, असा प्रश्न पडतो. प्रामाणिकपणाची शिक्षा प्रामाणिकालाच मिळावी, अशी ही व्यवस्था आहे.

याचा अर्थ सूट देऊच नये असा नाही. पेन्शनवर जगणाऱ्या विधवेला, लहान खोलीत राहणाऱ्या कामगाराला करातून मोकळीक मिळालीच पाहिजे. मात्र राज्य शासनाने सूट जाहीर केली तर तिची भरपाई त्याच निर्णयात पालिकेला मिळावी. प्रत्येक पालिकेने आपल्या अंदाजपत्रकात सवलतींपोटी सोडलेल्या उत्पन्नाचे स्वतंत्र विवरण छापावे, म्हणजे कोणत्या सवलतीचा लाभ कोणत्या थराला जातो हे नागरिकांना तपासता येईल. आणि जी सूट द्यायची ती कायद्यात लिहून द्यावी, ठरावाच्या भरवशावर सोडू नये.

करदात्याचे कर्तव्य

हे होईल तेव्हा होवो. तोपर्यंत आपल्या हाती जे आहे ते आपण करावे. देयक आले की त्यातील क्षेत्रफळ, वापराचा प्रकार आणि बांधकामाचे वर्ष आपल्या कागदपत्रांशी ताडून पाहावे. निवासी घर चुकून व्यापारी म्हणून नोंदले गेले तर कर कितीतरी वाढतो. स्वतः राहत असल्याची नोंद आहे काय हे पाहावे. आकारणी वाढविण्याची नोटीस आली तर तीत दिलेल्या मुदतीत लेखी हरकत नोंदवून पोच घ्यावी. हरकतीचा निकाल विरुद्ध गेल्यास न्यायालयाचा रस्ता उरतो, पण तेथे कराची रक्कम आधी भरल्याशिवाय अपील ऐकले जात नाही. घर बराच काळ रिकामे राहणार असेल तर पालिकेला लेखी कळवावे, नाहीतर परताव्याचा हक्क बुडतो. भाड्याने दिलेल्या घराची प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी आयकराच्या हिशेबात भाड्याच्या उत्पन्नातून वजा होते, तेव्हा पावती जपून ठेवावी.

आणि आपली सूट पदरात पडल्यावरही एक प्रश्न मनात जागा ठेवावा. माझ्या वाट्याचे हे रुपये आता कुणाच्या खिशातून जाणार आहेत? ते माझ्याहून सधन माणसाच्या खिशातून जाणार असतील तर सूट न्याय्य आहे. शेजारच्या भाडेकरूच्या खिशातून जाणार असतील, किंवा पालिकेच्या शाळेतील एका वर्गाच्या डागडुजीतून, तर त्या सुटीविषयी बोलण्याची जबाबदारी ज्यांना ती मिळते त्यांच्यावरच येऊन पडते.